नको म्हटलेला लॅपटॉप

...नाही, पण मी म्हणतो, एका लॅपटॉपसाठी माणसानं ऐकायचं तरी किती जणांचं? बसा, बसा तुम्ही, त्या गादीवर टेका आरामात, पडदे काय पळून जात नाहीत. तर तुम्हाला सांगतो, माझी सगळी हयात पडद्याचं कापड विकण्यात गेली. कापड कसं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचं, जरा चोळायचं, उलटी बाजू बघायची, झालं. कापड खोटं बोलत नाही. आणि हा लॅपटॉप... चोळून बघितला, काही कळेना. उलटा करून बघितला तर खाली चार रबरी पाय आणि एक जाळी. आता यावरून माणसानं काय ओळखायचं? दमलो हो मी. खरंच दमलो.

झालं काय, आमच्या कन्येला घरं बांधायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. परगावी, होस्टेलवर राहून. कॉलेजनं कळवलं, पहिल्या दिवसापासून लॅपटॉप हवा, सगळे नकाशे त्याच्यावरच काढायचे, आणि ज्याच्याकडे नसेल त्यानं भिंतीकडे बघत बसायचं. हे शेवटचं कॉलेजनं नव्हतं कळवलं, ते मी म्हणतोय, पण अर्थ तोच ना?

म्हणून भाच्याला फोन केला. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, बायको-पोरांपेक्षा त्या पडद्याशी जास्त बोलतो. तो म्हणतो, "मामा, मशीन नंतर बघ, आधी ऑपरेटिंग सिस्टम ठरव." म्हटलं, ती काय भानगड? "मामा, लॅपटॉप म्हणजे दुकान धर, तर ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे त्या दुकानाचा मॅनेजर." म्हटलं, मॅनेजर कशाला हवाय, इतकी वर्षं मीच बसतोय की गल्ल्यावर. हसला. म्हणे असे तीन आहेत, एकाची खूण खिडकी, एकाची फळ आणि एकाची पेंग्विन. खिडकी म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, खिडकी आली म्हणजे पडदा आलाच. पण हा म्हणतो, "पेंग्विन घे मामा, फुकट आहे." आता फुकट हा शब्द ऐकला की मला घाम फुटतो. म्हटलं, फुकट कसं काय, मालक कोण त्याचा? "सगळेच मालक, मामा." सगळेच मालक असलेलं दुकान मी बघितलंय हो, माझ्या काकांचं होतं, सगळे भाऊ मालक, सकाळी कुलूप कुणी उघडायचं यावरून दुपार व्हायची, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात खरेदी करून, पिशव्या सांभाळत, यांचं भांडण बघायला उभं राहायचं. नको म्हटलं तो पेंग्विन.

मग आला मेहुणा. "दाजी, डोळे मिटून फळवाला घ्या. वर्गात पोरीची इज्जत राहते." या माणसाला घरातला टीव्ही लावायचा तर शेजारच्याला हाक मारावी लागते, आणि हा मला सिस्टम सांगतो. पण सांगतो कसा, सोफ्यावर मागे रेलून, डोळे अर्धे मिटून, जसा काय त्यानंच तो बनवला आणि नंतर मन उडालं म्हणून सोडून दिला.

बायको आतून म्हणाली, "अहो, तिलाच विचारा की. वापरणार ती आहे."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? कन्या बिचारी त्या आठवड्यात माझ्या मागे मागे फिरत होती, "बाबा, ऐका ना, मला कुठला लागणार ते सांगते", आणि मीच तिला थांबवत होतो. म्हटलं, घरात बोलू नकोस. एकदा मला तुझी पसंती कळली की ती माझ्या चेहऱ्यावर येणार, आणि दुकानदार आधी चेहरा वाचतो, मग खिसा. जे काय असेल ते दुकानात सांग, आपल्या पद्धतीनं.

आता ही आपली पद्धत काय, तेही ऐका, म्हणजे पुढचं लक्षात येईल. पोरगी लहान असल्यापासून माझ्याबरोबर घाऊक बाजारात यायची. मी तिला शिकवलेलं, जो माल मनात भरेल त्याला नावं ठेवायची, जो नको असेल त्याचं कौतुक करायचं. आणि अगदीच आवडला तर नको म्हणून दुकानाबाहेर निघून जायचं. एकदा एका व्यापाऱ्याकडे मोरपंखी मखमल आली होती, अशी मखमल की हात फिरवला तर हात परत येईना. मी बघतोय दुसरीकडेच. आणि ही चिमुरडी नाक मुरडून म्हणते, "बाबा, हे कसंतरीच आहे, चला ना." आणि चालायला लागली बाहेर. त्या व्यापाऱ्याचा चेहरा असा पडला की त्यानं भाव तर उतरवलाच, वर धावत जाऊन तिच्या हातात गोळी ठेवली. अख्खा गठ्ठा उचलला मी. त्या दिवशी मला वाटलं, हिला आता शाळेत घातलं नाही तरी चालेल.

तर दोघं गेलो लॅपटॉपच्या दुकानात. आत इतकी थंडी की वाटावं माल नासणारा आहे. टाय लावलेला सेल्समन आला. "सर, काय बजेट आहे?" मी काय आज जन्मलोय बजेट सांगायला? म्हटलं, तुम्ही दाखवा तरी. मग तो सुरू झाला, रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, आणि मी मान डोलवत होतो... मी कापडाच्या विणीबद्दल बोलतो तेव्हा तुम्ही डोलवता ना, आता डोलवताय ना, अगदी तशी. दमलो हो, नुसता ऐकून दमलो.

शेवटी टेबलावर दोन राहिले. एक काळा, जाडजूड, विटेसारखा, खिडकीवाला. दुसरा चंदेरी, पातळ, फळवाला, रेशमासारखा गार हाताला. कन्येनं दोन्ही बघितले. काळ्यावर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, हा. दिसायला कसाही असू दे, मला हाच लागणार." मग चंदेरीकडे बघून म्हणाली, "हा नको. छान आहे, पण माझ्या उपयोगाचा नाही." असं म्हणाली आणि, "तुम्ही बिल करा, मी शेजारून आईचा चष्मा घेऊन येते," म्हणून सरळ दुकानाबाहेर.

माझा ऊर भरून आला. काय तयार झालीय पोरगी. विटेचं कौतुक, रेशमाला नकार, वर दुकानाबाहेर. आणि चष्म्याचं निमित्त तर मलाही सुचलं नसतं.

मी लागलो कामाला. चंदेरीकडे तुच्छतेनं बघितलं. म्हटलं, पोरीला काही पसंत नाही हा, बघितलंत ना, उठून गेली, आता तुम्हीच काही तरी करा म्हणजे मी तिची समजूत घालतो. सेल्समन दोनदा आत जाऊन मालकाला विचारून आला. भाव उतरला, बॅग फुकट, माऊस फुकट. मी तिथल्या तिथे खोकं फोडून, चालू करून, सगळं तपासून घेतलं. कन्या खरोखरच चष्मा घेऊन आली तेव्हा माझ्या हातात पिशवी होती. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रस्ताभर मी शीळ घालत होतो.

घरी तिनं खोकं उघडलं. बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, याला तर मी नको म्हटलं होतं."

"म्हणून तर घेतला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं ना... रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमचं नकाशाचं सॉफ्टवेअर याच्यावर चालत नाही. सोमवारी मी वर्गात काय उघडून बसू?" म्हटलं, अगं, पण तू आपल्या पद्धतीनं... तर म्हणते, "बाबा, मी तुमच्याशी बोलत होते. दुकानदाराशी नाही."

बायको चष्मा घालून माझ्याकडे बघत होती, नवा चष्मा, सगळं स्पष्ट दिसत असणार. भाच्याला फोन केला तर तो म्हणतो, "मामा, पेंग्विन घालून देऊ का त्याच्यात?" ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. फोडलेलं खोकं कोण परत घेतं? मी घेतो का कापलेलं कापड? तिथे पाटीच होती तशी. मी वाटेत विचार करत होतो, काय सांगावं, बटण अडकतं म्हणावं, की तापतो म्हणावं, तर कन्या म्हणाली, "आज मी बोलणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही." आणि तुम्हाला सांगतो, तिनं सगळं खरं सांगितलं. मालकाला बाहेर बोलावून, माझ्यासमोर, मखमलीपासून. मी छताचे दिवे बघत होतो. आणि शेवटी काय म्हणावं तिनं? "काका, मला तो काळाच हवा. दुसरा कुठलाच चालणार नाही."

गिऱ्हाईक असं बोलतं? दुकानदारासमोर? पण मालकानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून असा हसला की चष्मा काढून पुसावा लागला त्याला. म्हणाला, "साहेब, माझा मुलगा गेल्या महिन्यात म्हणाला, मला दुकानात बसायचं नाही. मी अजून समजतोय की तो पगाराची घासाघीस करतोय." आणि सेल्समनला म्हणाला, "चंदेरी फळीवर लाव, गिऱ्हाइकांना हाताळायला होईल. काळा बांध यांच्या मुलीला." भाव काही उतरला नाही, बॅगही परत घेतली. पण काळा मिळाला. नुसतं खरं बोलून, आणि त्यांनी पुढे ठेवलेला चहा गार व्हायच्या आत. इतकी वर्षं मी काय केलं मग?

येताना तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं, यापुढे तिचं बोलणं सरळ घ्यायचं. उलटी बाजू बघायची नाही. म्हटलं, बरं.

रविवारी बसवर सोडायला गेलो. काळी वीट पाठीवर, पोरगी वाकली होती जराशी. मी सहज विचारलं, काय गं, घरची आठवण येईल ना? ती बॅगेचा पट्टा आवळत म्हणाली, "अजिबात नाही. आणि तुमची तर मुळीच नाही." चेहरा कोरा. एक रेघ हलली नाही. आणि वळली, चढली बसमध्ये. गेली.

आता तुम्हीच सांगा... सरळ घ्यायचं कबूल केलंय मी. शब्द दिलाय. बायकोला विचारलं तर ती म्हणते, इतकी वर्षं धंदा केलात, ओळखा. काय ओळखू? दमलो हो मी.

शब्द मोडला शेवटी. उलटंच धरून चाललोय. सरळ घेणं मला परवडणारं नाही.