डोंगरातले पाय

दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या शिंपीणकाकूंनी कान टवकारले. शेजारी डोंगर सोडून शहरात आलेला पहारेकरी लेकीशी हुज्जत घालत होता.

"डॉक्टर म्हणाले, आपल्या लोकांना शुगर लवकर गाठते, बाबा."

"तुझ्या आजोबांना कशी नाही गाठली?"

"ते दिवसभर डोंगर चढायचे. तुम्ही दिवसभर खुर्चीत."

"मालकानं खुर्ची दिलीय, मग उभा राहू?"

"बसा. पण पायात चप्पल तरी घाला."

"अनवाणी जन्म गेला माझा. परवा खिळा रुतला, तुझ्या आईला दिसला तेव्हा कळलं. असे पाय आहेत आपले!"

"डोंगरात काटा रुतला तर कळायचा?"

"कळायचा म्हणजे? बोंब मारायचो!"

लेकीनं त्याचा पाय मांडीवर घेतला.

काकू म्हणाल्या, "पोरी, माझ्या नंबरावर यांना आत ने."