मुहूर्तावर निघालेलं गाठोडं

कापसाले भाव आला अन् अकोल्याले आगगाडी आली, तवापासून माह्यं डोकं ठिकाणावर नाही, राजेहो. लेकीचं पहिलं बाळ पाहाले मले बडनेऱ्याले जाचं होतं. जोशीबुवा पंचांग पाहून म्हणे, "मुहूर्त सकाळचाच हाये."

सकाळी तं कापसाचा व्यापारी घरी येणार होता. "मंग प्रस्थान ठेवा," जोशीबुवा म्हणे. म्हंजे मुहूर्तावर नुसतं गाठोडं घराबाहेर ठेवाचं, की आपण निघालोच. मंग सवडीनं जा. मी दरवेळी गाठोडं बैलगाडीत ठेवतो. या खेपेले आगगाडीत ठेवलं अन् घरी गेलो. व्यापाऱ्याले वाटे लावून येतो, तं गाडीच नाही. बैलगाडी तं मालकाची वाट पाह्यते.

दुसऱ्या गाडीनं बडनेऱ्याले पोचलो. पाह्यतो तं लेक माह्यं गाठोडं उराशी धरून रडून राहिली. टेसनावर घ्याले आलेल्या जावयाले गाडीत गाठोडं भेटलं, सासरा नाही. सगळे म्हणत, बुढा वाटेत गाडीतून पडला.

"माय, मी जिता हाओ," म्या म्हटलं.

"मंग गाठोडं एकटंच काहून आलं, बाबा?"

परत आल्यावर जोशीबुवालेच इचारलं. त्यायनं पुन्हा पंचांग उघडलं, लय वेळ पाह्यलं अन् म्हणे, "मुहूर्त बरोबरच होता. गाठोडं सुखरूप पोचलं ना?"