पाच नणंदांचे एकच मुखपृष्ठ

काटकसरीचे म्हणाल, तर माझ्या निवृत्तिसमारंभाच्या फोटोंचे पुस्तक ऐका. ते मला पाचही नणंदांना द्यायचे होते. शिरूरचा फोटोवाला, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "बाई, पाची सारखी काढली तरच स्वस्तात बसंल. कव्हर बदललं की भाव बदलला."

मुखपृष्ठावर मात्र प्रत्येकीला स्वतःचाच चेहरा हवा होता. अखेर मी जेवणाच्या रांगेचा फोटो निवडला. त्यात पाचही जणी पाठमोऱ्या होत्या. डोक्यावर पदर, अंगावर मीच घाऊक भावात आणलेल्या एकसारख्या साड्या.

दौंडहून थोरल्या वन्संचा फोन आला, "वहिनी, मला सगळ्यांत पुढं ठेवलंत. मान राखलात हो!"

आठवड्याभरात उरलेल्या चौघींनीही नेमके हेच कळवले.

आयुष्यात प्रथमच मी कोणाचीही चूक दुरुस्त केली नाही.