नऊ फेऱ्यांची झोप

—अहो, बूट राहू द्या पायात, मी खाली जुनी चादर घातलीय, पण आडवे व्हा. गादी काय उभ्यानं घ्यायची वस्तू आहे का? लोक येतात, पाव दाबून बघावा तशी दोन बोटं खुपसतात आणि म्हणतात, मऊ आहे हां. बोटं झोपणार आहेत का तिच्यावर? — हां, असं. पाठीवर. हात सोडा बाजूला. आणि एक आधीच सांगून ठेवतो, माझ्यासमोर झोपल्याचं सोंग करायचं नाही. करतात हो लोक. मला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडतात, कोणी कोणी तर घोरूनही दाखवतात. पण मला कळतं. चेहऱ्यावरून नाही, चेहरा कुणीही सैल सोडेल. घोरण्यावरून तर नाहीच नाही. हातावरून. खरी झोप लागली की बोटं आपोआप उघडतात, ढिली पडतात. रुमाल द्या हातात, गळून पडेल. साहेब असो नाहीतर हमाल, झोपलेल्या माणसाला काही धरून ठेवता येत नाही. पस्तीस वर्षं गाद्या भरतोय मी, एवढं एक शिकलोय.

काय त्रास म्हणालात? झोप नाही. किती दिवस? — तीन आठवडे. अहो, तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. माझा मित्र चार वर्षं झोपला नव्हता. चार. हसू नका, गादी हलते. इथंच पलीकडच्या वाचनालयात कामाला आहे, सहायक ग्रंथपाल, अख्खा बाजार त्याला लायब्ररी म्हणतो. लायब्ररी आला का, लायब्ररीनं जेवण केलं का, असं. साडेतीनला सुटतो, बरोब्बर चारला इथं. तुम्ही पडलाय ना, तिच्या शेजारच्या गादीवर बसायचा. मी वरच राहतो, एकटा, खाली दुकान — आता एकट्या माणसाच्या दिवसाला काय असतं हो, सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, मध्ये कापूस. त्यात ते चारचं तेवढं असायचं. दोन कप चहा आणि लायब्ररी. — तर त्याला मी सहा गाद्या करून दिल्या. सहा. काथ्याची दिली, स्प्रिंगची दिली, एक तर अशी दिली की तिच्यावर मी टाके घालता घालता स्वतः झोपलो, हातात दाभण तसंच. दुसऱ्या दिवशी हा हजर, डोळ्यांखाली काळं, म्हणतो, छान आहे रे, पाठ एकदम सरळ राहिली, रात्रभर छताचे तडे मोजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं. गादीवाल्याच्या जिवलग मित्राला झोप नाही, लोक काय म्हणत असतील?

का नाही म्हणजे? सांगतो की. चार वर्षांपूर्वी त्याला बढती आली होती. मोठ्या शहरात, मुख्य ग्रंथपाल, गाडीनं दहा तास लांब. सामानसुमान बांधून झालं होतं. आणि वरच्या ऑफिसात एक निनावी पत्र गेलं. काय तर — ‘सदर इसम दुपारच्या वेळी वाचनालयातील टेबलावर डोके ठेवून झोपतो. सदर टेबलाची उंची मानेस हितावह नाही. चार इंची उशी असती तर गोष्ट वेगळी होती.’ — पाठ कसं म्हणजे? रोज चारला घेऊन यायचा ना त्याची नक्कल, वाचून दाखवायचा, आणि विचारायचा, कुणी लिहिलं असेल रे? उशीची उंची इंचात कोण लिहितं? मी म्हणायचो, कुणीतरी डॉक्टर असेल. तर चौकशी समिती आली. तीन माणसं पंधरा दिवस कपाटांमागं खुर्च्या टाकून बसली, हा डुलकी घेतो का बघायला. हा कसला घेतोय, डोळे फाडून बसलेला. दहाव्या दिवशी समितीतलाच एक जण खुर्चीवरून खाली पडला, झोपेत. शेवटी निर्दोष ठरला, पण तोवर ती जागा भरली गेली. राहिला इथंच. आणि तेव्हापासून त्याची पापणी खाली आली की हा दचकून उठतो — त्याला वाटतं कुणीतरी लिहून घेतंय.

नाही, कुणी लिहिलं ते कळलं नाही. मला काय माहीत? तुम्ही जरा डाव्या कुशीवर व्हा बघू.

तर आता झालं काय, डॉक्टरांनी सांगितलं, याला दमवा. जत्रेतल्या मुलासारखा दमवा. वाचनालयाच्या लोकांना त्या मोठ्या पार्कचे पास मिळाले होते, ते उंच पाळणे, रोलर कोस्टर वगैरे. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, जिन्यावरसुद्धा घेरी येते. त्या म्हणाल्या, भावोजी, तुम्हीच जा त्यांच्याबरोबर. गेलो. मागच्या रविवारी. आता वय काय आमचं, अठ्ठावन्न दोघांचंही, गुडघे धरूनच डब्यात बसलो. ती सीट म्हणजे, तुम्हाला काय सांगू, नुसतं प्लास्टिक, पाठीला आधार नाही, मानेला आधार नाही, मी त्या दांडा लावणाऱ्या माणसाला म्हटलंसुद्धा, इथं निदान एक इंचाचा फोम तरी टाका. त्यानं मांडीवर दांडा पाडला आणि निघून गेला.

मग ते चढतं. कडकड, कडकड, कडकड, आपली साखळी कधी तुटेल याचा विचार करायला वेळ मिळावा इतकं हळू. वर जाऊन थांबतं एक क्षण — मुद्दाम थांबवतात, हलकट — आणि खाली बघितलं तर पार्क काडेपेटीएवढं. मी म्हटलं संपलं. आता आपण मरणार. आणि मरताना माणसाच्या तोंडातून जे निघतं ना, ते निघालं. — काय निघालं? काही नाही. आईचं नाव घेतलं. — बरं, आता तुमची माझी ओळख नाही, देख नाही, आणि त्या गादीतून तुम्हाला पटकन उठताही यायचं नाही, म्हणून सांगतो. मी ओरडलो, ‘अरे, ते पत्र मी लिहिलं.’ — उठू नका, उठू नका. असं झटक्यानं उठलं की शिवण उसवते. पडा.

ओरडलो आणि डबा सुटला. पोट वर राहिलं, मी खाली. कसाबसा शेजारी बघतो तर काय — लायब्ररी झोपलेला. हनुवटी छातीवर, तोंड उघडं, आणि घोरतोय. चार वर्षांनी. आम्ही उलटे झालो, पाय आभाळात, चष्मा एका कानाला लोंबतोय, आणि हा घोरतोय. मला रडू यायला लागलं हो. माझ्या सहा गाद्या एकीकडं आणि ते प्लास्टिक एकीकडं. अपमान म्हणायचा की आनंद, काही कळेना. आणि त्याबरोबरच जीव भांड्यात पडला, की चला, ऐकलं नाही त्यानं. खाली आल्यावर त्यानं आळस दिला, म्हणाला, ‘काय झकास डुलकी लागली रे. अजून एकदा बसू.’

बसलो. चढताना म्हणतो, ‘तू मघाशी काही बोलत होतास का?’ म्हटलं, नाही बुवा. तर म्हणे, ‘बोलत जा. कुणी बोलत असलं की मला बरी झोप लागते.’ आणि मिटले डोळे. आता मित्र झोपावा म्हणून मी काय नाही करणार? बोललो. दुसऱ्या फेरीत सांगितलं की डाव्या हातानं लिहिलं. तिसरीत सांगितलं की मागच्या खोलीत कापसाच्या पोत्यावर बसून लिहिलं. चौथ्या फेरीत, उलटं असताना, टेबलाच्या उंचीचं सांगितलं, की बाबा रे, काहीतरी आरोप तर करायला पाहिजे, चोरीचा करवेना, दारूचा करवेना, तू कसला दारू पितोस, मग मला जे येतं तेच लिहिलं. झोप. त्यातल्या त्यात सौम्य वाटलं. मला काय माहीत झोपच उडेल म्हणून. — तो घोरतोय. मागच्या डब्यात एक बाई होत्या, शाळेतल्या शिक्षिका असाव्यात, आवाजावरून. त्या पाचव्या फेरीपासून मुद्दाम आमच्याच मागं येऊन बसायला लागल्या, पुढं काय झालं ऐकायला. सातव्या फेरीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अहो, हे सगळं त्यांना जागेपणी सांगा की. म्हटलं, बाई, जागेपणी सांगायचं धैर्य असतं तर निनावी कशाला लिहिलं असतं?

दरवेळी खाली आलं की हा म्हणायचा, ‘अजून एकदा.’ आठ झाल्या. माझ्या तोंडाला फेस. नववीला वर पोचलो, थांबलो, आणि सांगायला काही उरलंच नव्हतं, एक सोडून. मग तेही सांगितलं. की का लिहिलं. की अरे, तू गेलास तर चार वाजता माझ्याकडे कोण येणार होतं? — ओरडलो नाही या वेळी. पुटपुटलो. आणि खाली आल्यावर लायब्ररीनं चष्मा पुसला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, ‘चल, पुरे आता. घरी जाऊ.’

आणि तेव्हापासून झोपतोय तो. घरी. वहिनींचा फोन आला, भावोजी, तुम्ही काय जादू केलीत, कामावरून येतात आणि चार वाजता जे पडतात ते थेट जेवायला उठतात, परत झोपतात. तुमची गादी गुंडाळून ठेवलीय, खाली सतरंजीवर झोपतात. म्हटलं, घोरत असेल चांगला. तर म्हणाल्या, छे हो, ते कधीच घोरत नाहीत, लग्नाला एकतीस वर्षं झाली. आता त्या स्वतःच गाढ झोपतात, त्यांना काय ऐकू येणार. — पण चार वाजता पडतो म्हणजे काय, कळलं ना तुम्हाला? चार वाजता. आज पाचवा दिवस. दोन कप चहा सांगायची सवय, रोज एक गार होतो. मित्र बरा झाला आणि माझं दुकान ओस पडलं. झोप म्हणाल तर मलाही नाही रविवारपासून. सगळ्या गाद्यांवर पडून बघितलं मी, तुम्ही पडलाय तिच्यावरसुद्धा.

थांबा, फोटो दाखवतो. तिथं उतारावर कॅमेरा असतो, नेमकं तोंड वाकडं असताना काढतो. हा नवव्या फेरीचा आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल गादीवाला थापा मारतो. हा मी — मेल्यासारखा दिसतोय तो. हा लायब्ररी. मिटलेत की नाही डोळे? ह्या मागं बाई, पुढं वाकल्यात बघा ऐकायला. — काय? खाली? खाली दांडा आहे. दांड्यावर माझा हात. — त्याच्यावर? त्याच्यावर त्याचा हात. असेल, जागा अरुंद असते हो तिथं. — बोटांचं काय?

आणा इकडं तो फोटो.

बोटं मिटलेली आहेत. घट्ट. नखं पांढरी पडलीयत दाबून — माझा हात धरलाय त्यानं. पाच दिवस हा फोटो माझ्या खणात आहे. रोज काढून बघतोय मी, आणि बघतोय काय, तर त्याचा चेहरा. पस्तीस वर्षं सगळ्या गावाला सांगत आलो, चेहरा बघू नका, हात बघा. — म्हणजे जागा होता. पहिल्या फेरीपासून. नऊ वेळा उलटा होऊन घोरत होता, कधीच न घोरणारा माणूस. मी बोलावं म्हणून. अजून एकदा, अजून एकदा — का लिहिलं ते ऐकायचं होतं त्याला, बाकीचं त्याला चार वर्षं ठाऊक असणार, उशीची उंची इंचात या बाजारात दुसरं कोण लिहिणार आहे? आणि ते ऐकलं, आणि घरी गेला, आणि झोपला. आणि आता येत नाही. कशाला येईल? मी तरी आलो असतो का? माझ्यामुळं माणसाची बढती गेली, चार वर्षांची झोप गेली, आणि मी त्याला गाद्या विकत — नाही, विकत नाही, तशाच दिल्या, पण म्हणून काय झालं.

किती वाजले हो? तुमच्या मागं घड्याळ आहे. — चार.

ये. — नाही, ये ना, आत ये. हे गिऱ्हाईक आहे, पडलेत जरा. बरा आहेस ना? चेहरा उजळलाय तुझा. वहिनी म्हणत होत्या. चहा सांगतो, दोन सांगतो, बस तू. — अरे, तिथं आडवा कशाला होतोस, ती अजून भरायची आहे, टोचेल. बरं, हो. उशी घे. जरा ऐक, मला तुझ्याशी बोलायचंय. पाळण्यात नाही, इथं, नीट, जागेपणी. ते पत्र आहे ना चार वर्षांपूर्वीचं, ते—

घोरायला लागला.

नाही हो, मला दिसतंय. मला दिसतंय, तुम्ही दाखवू नका. माझ्या सदऱ्याची बाही आहे ती. धरलीय त्यानं. मी ओढून बघतोय, सुटत नाहीये.

उठा तुम्ही. गादीचं उद्या बघू, उद्या चारच्या आत या. चपला — बूट पायातच आहेत, हो. हळू जा. आणि दार आपटू नका, माणूस झोपलाय.