पहिलं दळण ज्वारीचं

भेस्तानच्या गिरणीत सकाळी माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“धुरपदामावशी, नेहमी तुमचंच दळण पहिलं का?”

“नातीला गहू चालत नाही, रंजना. आतडं सुजतं.”

“पण डब्यात तर ज्वारी आहे.”

“तेच तर! डॉक्टर म्हणे, पोळी बंद करा. वर्षभर भाकर दिली, तरी पोर वाळतच गेली. मग मीच इथं उभी राहून पीठ पडताना पाहिलं. आधीच्या दळणाचा गहू माझ्या ज्वारीत येत होता.”

“अगं माय! मग?”

“आता गिरणी झाडली की पहिली ज्वारी माझी. सहा महिन्यांत पाच किलो भरली पोर.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मी अंगठेबहाद्दर, बाई. पण त्या दिवशी मी सांगत होते अन् डॉक्टर लिहून घेत होता.”