पुलावरचे स्वयंपाकी

सासू : फासा मुठीत धरून किती वेळ बसणार आहेस? त्यातून पिल्लू निघायचं नाही.

सून : थांबा हो आई. ठकी रडली का आत्ता?

सासू : नाही रडली. आतल्या खोलीत झोपलीये. आबा बसलेत शेजारी.

सून : कुठल्या बाजूने बसलेत? डाव्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही.

सासू : चाळीस वर्षं संसार केलाय त्या कानाबरोबर, मला नको सांगूस. उजवा शाबूत आहे.

सून : फ्रिजमध्ये दुधाच्या पाच बाटल्या भरून ठेवल्यात. दिवसाला चारच लागतात, पण एक जास्तीची असलेली बरी.

सासू : तुझं सगळंच एक जास्तीचं. पटाकडे बघ. आठवी फेरी, म्हणजे शेवटची. गिरणीत माझी माणसं, पुलावर तुझी. फेरी संपताना दोन्ही तुझ्याकडे असतील तर तू जिंकलीस. एक जरी सुटलं तर मी. आणि मी जिंकले की काय ठरलंय?

सून : सोमवारी मी कामावर.

सासू : तिकडे कवळ्यांचे साचे पडून आहेत. लोक बिनदाताचे बसलेत तुझ्या नावाने.

सून : आणि मी जिंकले तर आणखी तीन महिने रजा. तुम्ही टोमणा मारायचा नाही.

सासू : एकही नाही. जड जाईल, पण नाही मारणार. टाक.

सून : तोफ, गिरणीवर... पाच! दबली तुमची तुकडी.

सासू : दबली. ही बघ, सोंगटी उलटी केली. आता ती गोळी झाडू शकत नाही आणि तिची ताकद निम्मी. पण हे आज चौथ्यांदा होतंय. तीनदा तू हिला दाबलंस आणि तीनदा लांबूनच बघत बसलीस. पुढच्या फेरीला माझी माणसं कपडे झटकून पुन्हा उभी. तोफ दाबते फक्त. घर घ्यायचं तर आत शिरावं लागतं.

सून : हातघाई.

सासू : दोन वर्षं खेळतेयस माझ्याशी. एकदा तरी केलीस?

सून : कशी करणार? गिरणी पुलाला लागून आहे, बरोबर. पण त्यासाठी पुलावरची मोठी पलटण हलवायला लागते. आणि हातघाई जिंकली की तिला गिरणीच्या घरात जावंच लागतं.

सासू : नियम आहे तो. जिंकलेल्याने पुढच्या घरात जायचं. दारातून परत फिरायचं नाही.

सून : मग पुलावर उरणार कोण? स्वयंपाकी! ताकद एक. आणि नदीपलीकडे तुमचे घोडेस्वार टपून बसलेत, ताकद चार. माझी पाठ वळली की पूल गेला.

सासू : जाईल बहुतेक.

सून : पलटण तिथेच ठेवली तर पूल नक्की राहतो.

सासू : नक्की. आणि तू नक्की हरतेस.

सून : ...आई, ही स्वयंपाक्यांखाली कसली खूण आहे?

सासू : मला काय विचारतेस? तूच ठेवलीयेस.

सून : खंदक! दुसऱ्या फेरीपासून ते जागचे हललेच नाहीत, म्हणून पाचव्या फेरीत खंदकाची खूण मिळाली. मी ठेवली आणि विसरून गेले.

सासू : तुझं सगळं लक्ष त्या पलटणीवर. मागची माणसं काय करतात हे कधी बघितलंस?

सून : खंदकात ताकद दुप्पट. म्हणजे दोन. नदी ओलांडून येणारा निम्मा. तुमचे घोडेस्वार... दोन! बरोबरीची लढत. तुम्हाला पाच किंवा सहाच हवेत.

सासू : मी काही बोललेले नाही हं.

सून : पलटण निघाली. ताकद सहा. आणि ही माझी सायकलवाल्यांची तुकडी मागच्या रस्त्याने, ताकद दोन. आठ झाले. तुमचे इमारतीमुळे आठ होते, दबल्यामुळे चार.

सासू : म्हणजे तू माझ्या दुप्पट. चार पडायला हवेत.

सून : दोन बाजूंनी आलेय, फाशात एक वाढवायचा. तीन पडले तरी चालतील!

सासू : बरं बाई, तीन. टाक आता.

सून : टाकते.

(आतून बाळाच्या रडण्याचा आवाज. थोड्या वेळाने थांबतो.)

सून : पड, पड, पड... तीन! आई, तीन! गिरणी माझी! बघा, आत शिरली पलटण. काढा तुमची सोंगटी बाहेर!

सासू : काढते, काढते, पट उलथवशील. अजून माझी पाळी बाकी आहे. घोडेस्वार पाण्यात उतरले.

सून : उतरू दे. झारे घेऊन उभे आहेत माझे.

सासू : टाकू?

सून : टाका. मी डोळे नाही मिटणार.

सासू : ...दोन.

सून : दोन! परतवले! स्वयंपाक्यांनी घोडेस्वार परतवले! अगं बाई, आई, दोन वर्षांत पहिल्यांदा!

सासू : पहिल्यांदाच. दे टाळी. हरले, आणि छान हरले. त्या सायकलवाल्यांचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

आबा : झाली का लढाई? इकडे आम्ही उठलो, रडलो, पाऊण बाटली संपवली आणि ढेकरही दिला.

सून : रडली? कधी?

आबा : मघाशी. तू 'पड, पड' म्हणून ओरडत होतीस तेव्हा.

सून : आणि मला ऐकू नाही आलं?

आबा : मला आलं की.

सून : दूध कोमट होतं ना? मानेखाली हात धरला होता?

आबा : कोमट होतं. धरला होता. चेहरा बघ तिचा, हसतेय माझ्या चष्म्याला.

सासू : असो. शब्द म्हणजे शब्द. तीन महिने तुझे. टोमणा नाही.

सून : मी जिंकलेय ना, आई?

सासू : निर्विवाद.

सून : मग ते तीन महिने काय करायचं, मी ठरवणार.

सासू : ठरव की.

सून : आबा, सोमवारी मी कामावर निघताना पाचवी बाटली नको. चार पुरतील.