आधीच लिहून ठेवलेला आठवडा

हॅलो? 'वेलबी वार्ता', लोरेटा बोलतेय.

कोण… कर्टिस? अरे बोल. आत्ता तुझंच तोंड बघत होते. अंक आलेत छापखान्यातून, गठ्ठे सोडतेय. तुझं 'विधानसभेतून' दुसऱ्या पानावर, एकदम वर. या वेळी फोटोही बरा आलाय, हनुवटी एकच दिसतेय.

काय झालं? आवाज का असा येतोय?

थांबवू? काय थांबवू?

अरे, अंक थांबवायला तो काय नळ आहे? टपालाचे गठ्ठे मघाशीच गेले. उद्या सकाळी गावभर पेट्यांत पडतील… नाही, पोस्टातली डार्लीन परत देणार नाही. पोस्टात पडलेला कागद ती सख्ख्या नवऱ्याला देत नाही, तुला काय देईल. आमदार असलास म्हणून काय झालं?

पण का? काही चुकलंय का? मुलींचा बास्केटबॉलचा सामना आपणच जिंकलो ना? मग?

हं…

हं…

एक मिनिट, एक मिनिट. पुन्हा सांग. मतदान झालं… हो, वृद्धाश्रमांच्या वाढीव अनुदानाचं, ते कळलं… आणि तू?

नाही, ते कसं झालं ते नंतर. तू काय मत दिलंस ते सांग आधी.

विरोधात.

कर्ट, माझ्यासमोर तुझा लेख आहे. वाचून दाखवू? ऐक ना, वाचते. "या आठवड्यात मी वृद्धाश्रमांच्या अनुदानवाढीच्या बाजूने मत दिलं. वेलबीच्या आश्रमाला कुलूप लागणार नाही, हे सांगताना मला समाधान वाटतं." समाधान वाटतं. खाली तुझं नाव.

हो, माहितीय रविवारी लिहिलंस. दर रविवारी आश्रमात आईला भेटून येतोस, पोटभर जेवतोस आणि यायचा आठवडा होऊन गेल्यासारखा लिहून टाकतोस. का, तर सोमवारी मला पानं लावायची असतात आणि तुला राजधानीची वाट धरायची असते… सगळेच आमदार करतात? करू देत. मी तुला किती वेळा म्हटलं, जे व्हायचंय ते होऊ दे, मग लिही. तर म्हणे, ताई, माझं मत मला माहीत आहे, ते काय वाटेत बदलणार आहे?

मग बदललं कसं?

हं… गटनेता… केबिनमध्ये बोलावलं… हो…

पूल? कुठला, खडकाळ वळणावरचा की धरणाकडचा… बरं, धरणाकडचा. म्हणजे तो म्हणाला, इकडे विरोधाचं बटण दाब, नाहीतर तुझा पूल विसर. आणि तू दाबलंस.

छान. आश्रम गेला आणि पूल आला. त्याच पुलावरून नेऊ मग आईला पलीकडच्या जिल्ह्यात.

नाही, टोमणा नाही मारत… बरं, मारतेय. मग?

कितीने पडलं?

एका?

कर्टिस. एका मताने?



काय म्हणालास? तत्त्व? कसलं तत्त्व? हे बघ, मला नको शिकवू. मी काय विरोधी पक्षाची आहे का? तुझी प्रचाराची पाटी वाऱ्याने पाडली तेव्हा गोठलेल्या जमिनीत पुन्हा कोणी ठोकली? सरकारने हात आखडता घ्यावा हे मी तुझ्या आधीपासून म्हणतेय. तू वॉशिंग्टनवाल्यांना झोडपलंस, सीमेवरून झोडपलंस, आपल्या ओढ्यानाल्यांवर हक्क सांगतात म्हणून झोडपलंस. एक अक्षर न बदलता छापलं मी. माझंही तेच मत आहे. पण आपली म्हातारी माणसं आपण आपल्याच गावात सांभाळायची, याहून जुनं वळण कुठलं आहे रे आपल्याकडे? ते मोडून तू कुठलं तत्त्व राखलंस?

चर्चने करावं? पास्टर येणार आहेत का आईला पलंगावरून उचलायला? मी उचललंय तिला. तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घरी ठेवून बघितलं ना आपण. आपण म्हणजे मी. तुझ्या गायी व्यायला आल्या होत्या, मी तेव्हा चकार शब्द काढला नाही. माझी पाठ अजून सरळ होत नाही, आणि तू मला चर्च सांगतोस.

हो, ओरडतेय. ओरडणारच.

थांब, दार वाजलं. कोणीतरी आलंय. ठेवू नकोस, ठेवलास तर बघ.

या अल्विनकाका, या. बूट राहू द्या, पुसते मी नंतर… हो, आले ना अंक. हा घ्या… छे छे, राहू द्या ती चिल्लर. बसा.

कर्ट, हळू बोलतेय, ऐकू येतंय का? अल्विनकाका आहेत. रोज दुपारी आश्रमात फिलिसकाकूंना भरवायला जातात, जाताना इथे डोकावतात. गप्प बस जरा.

काय म्हणालात काका? … हो, दुसऱ्या पानावर. वर…

हो. वाचलं मी.

हो… हो, सांगते ना… अहो, त्यात काय एवढं… हो, तोच आहे फोनवर, पण… नको काका, आत्ता नको, तो घाईत आहे… बरं. तसंच सांगते. सांभाळून उतरा, पायरीवर बर्फ आहे.

गेले.

ऐकू आलं का तुला काही? नाही ना? मग ऐक. त्या माणसाने टोपी काढली, कर्ट. माझ्या टेबलासमोर उभं राहून, तुझ्या फोटोकडे बघत. म्हणाले, फिलिसला लांब नेलं असतं तर ती मला विसरली असती, रोज दिसतो म्हणून ओळखते. म्हणाले, तुझ्या भावाला सांग, देव त्याचं भलं करो. आणि मी सांगते म्हटलं. तुझ्यापायी मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोलले.

नाक ओढू नकोस फोनमध्ये. मला राग आलाय, मला धड रागावू दे.

आणि आई. उद्या तिथे दुपारचं जेवण झालं की काय होतं, माहितीय ना तुला? … नाही? कोणी सांगितलं नाही तुला कधी? अरे, ती वॉकरला धरून उभी राहते आणि तुझा लेख सगळ्यांना वाचून दाखवते. मुलगा आमदार आहे ना. कोणी मध्ये खोकलं तरी पुन्हा पहिल्यापासून वाचते. सीमेचं, वॉशिंग्टनचं ऐकताना निम्मे पेंगतात, पण उद्या तुझं ते वाक्य आलं की एकही पेंगणार नाही. आश्रम वाचला म्हणून टाळ्या वाजवतील. केक कापतील कदाचित. त्या सगळ्यांना आईच्या तोंडून ऐकू येणार आहे ते. आणि परवा रेडिओवर खरं कळेल तेव्हा त्यांच्यामध्ये बसून जेवायचंय तिला.

मी? मी नाही सांगणार तिला. तिचा नंबर पाठ आहे तुला.

काय? … कोण मागे लागलंय? … टॉलेफसन? ती पलीकडच्या, विरोधी बाकांवरची? तिचं काय काम तुझ्याशी? … जिथे जाशील तिथे येतेय? हो का. बिचारा तू. काय पाहिजे तिला?

थांब. थांब थांब. हळू. परत सांग नीट.

म्हणजे पडलेलं विधेयक पुन्हा मतदानाला घेता येतं… उद्याच्या बैठकीत… हो… फक्त मागणी कोणी करायची, तर… जो जिंकलेल्या बाजूला होता त्याने. हरलेल्यांना मागता येत नाही. असं?

आणि तू कुठल्या बाजूला होतास, कर्ट?

हं. तेच म्हणतेय मी.

म्हणजे ज्यांना ते हवंय त्यांना तोंड उघडता येत नाही, आणि ज्यांना उघडता येतं त्यांच्यातला एकटा तू वेलबीचा. तुझंच मत कमी पडलं आणि तूच ते परत मागू शकतोस. आणि हे तू मला आत्ता सांगतोयस. तेसुद्धा ती बाई छळते म्हणून, तक्रारीच्या सुरात.

पूल जाईल. जाऊ दे. इतकी वर्षं वळसा घालून जातोच आहोत, कोणी मेलं नाही.

गटनेता काय करेल? … शेतीच्या समितीतून काढेल. बरं. अजून? … पुढच्या निवडणुकीत पक्षातलाच कोणी तुझ्यासमोर उभा करेल. करू दे. शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कॉफी ठेवून लोक तुम्हा आमदारांना जाब विचारतात, तिथे गटनेता येणार आहे का तुझ्या बाजूने बोलायला? तिथे सगळं आपलं गाव असतं. तिथे काय सांगशील?

ऐक ना. अरे ऐक… मला बोलू देशील का?

हो… हो… समजतंय मला. पक्षाने तुला उभं केलं, पक्षाने पैसे लावले, सगळं समजतंय. सगळ्यांदेखत उठून मी चुकलो म्हणायचं, अवघड आहे. कोण नाही म्हणतंय?

बरं.

नाही उठणार. ठीक आहे. मी कोण तुला सांगणारी, मत तुझं, खुर्ची तुझी. मग पुढच्या अंकात खुलासा छापते. तुला तेच हवं होतं ना? छापते की. पण तुझ्या शब्दांत. मी माझ्या मनचं काही घालणार नाही. सांग आत्ताच, लिहून घेते. पेन कुठे गेलं… हं. बोल.

"मागील अंकातील माझ्या लेखात… चुकीची माहिती गेली." गेली नाही, दिली म्हण. आपोआप गेली नाही ती. … "दिली." हं. "प्रत्यक्षात मी अनुदानवाढीच्या विरोधात मत दिलं." लिहिलं. पुढे?

"कारण."

हं, कारण काय?

"राज्याची आर्थिक शिस्त राखण्याच्या व्यापक हेतूने…" कर्ट, हे आई वाचणार आहे. उभी राहून. नाही, मी लिहितेय, मला काय, तुझा लेख आहे. "व्यापक हेतूने." पुढे सांग. … खोडू? बरं, खोडलं.

"धरणाकडचा पूल…" लिहू का हे? … नको. खोडलं.

"गटनेत्यांनी मला…" हं. काय केलं गटनेत्यांनी? … दम दिला? समजावलं? त्यांनी हात धरून बटण दाबायला लावलं का? … मग कसं लिहू?

बोल ना.

नाही, मला नको विचारूस. मत मी दिलेलं नाही, कारण मी कुठून आणू?

…

लिहिलंय तेवढं वाचू परत?

हं. "प्रत्यक्षात मी अनुदानवाढीच्या विरोधात मत दिलं. कारण." इथपर्यंत आहे.

…

काय? खोडू? … शेवटचं वाक्य? … सगळंच? पहिल्या ओळीपासून?

मग त्या जागेत काय छापू मी?

…

बरं.

बरं, कर्ट.

पुन्हा मतदान मागायची नोटीस कुठे द्यायची? मला काय विचारतोस, मी कधी विधानसभेत बसलेय? ती टॉलेफसनबाई आहे ना तिथेच उभी? मग तिला विचार. … कसं दिसेल म्हणजे? तिच्याशी बोलताना दिसलास तर दिसलास. दिवसाढवळ्या बोल.

आणि रातोरात गटनेत्याने दुसरा कोणी फोडला तर? फोडू दे. पडलं तर पडलं म्हणून छापीन. तुझं मत कुठे होतं तेही छापीन.

जा आता, ते कार्यालय बंद करतील… नाही, थँक्यू नको म्हणूस मला. मी अजून चिडलेलीच आहे.

ठेव.